सासूबाईंची वाढीव आचमनं

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला लिफ्टमध्ये गाठलं आणि दार बंद व्हायच्या आत सुरुवात केली, "तुमच्या सासूबाईंची पूजा म्हणजे अगदी शास्त्रशुद्ध हो! इतकी आचमनं मी आजवर कुठल्याच सत्यनारायणात पाहिली नव्हती. बाकीचे गुरुजी सुरुवातीला एकदा करायला लावतात की मोकळे. ह्यांनी इतक्या वेळा लावलं की आम्ही मोजायचंच सोडून दिलं."

मी "हो का, छान" म्हणून हसले. पण चौथा मजला येईपर्यंत हसू मावळलं होतं. आचमन म्हणजे उजव्या तळहातावर पळीभर पाणी घ्यायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि प्यायचं. पूजेला बसताना ते करतात, अधूनमधून एखाद्या वेळी पुन्हा. पूजाभर पाणीच पीत बसायला ती काही पाणपोई नव्हे. आमच्या घरात सगळ्या पूजा सासूबाईच सांगतात, त्यामुळे एवढं मलाही ठाऊक होतं.

सासूबाई मूळच्या दूरध्वनी खात्यातल्या. नाशिकच्या एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून मालेगावच्या व्यापाऱ्याला मुंबईशी आणि इगतपुरीच्या स्टेशनमास्तरला घरच्यांशी जोडून देण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. अर्ध्या शहराचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यांनी घरातली कपाटं आवरली. आवरण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा एके दिवशी बायकांच्या पौरोहित्याच्या वर्गाला नाव घालून आल्या. पाठांतर हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. वर्गात सगळ्यांत आधी त्यांचं सगळं पाठ झालं, आणि बघता बघता वास्तुशांत, मुंज, लग्न अशी बोलावणी यायला लागली. रेशमी साडी, गळ्यात साखळीला लटकणारा चष्मा आणि टेलिफोनवर कमावलेला खणखणीत आवाज. कागद बघून मंत्र म्हणायला त्यांचा सक्त विरोध. म्हणायच्या, "पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देणाऱ्याला तुमच्या कॉलेजात काय म्हणतात? मग?"

माझं कॉलेज म्हणजे शहराबाहेरचं फार्मसीचं कॉलेज. मी तिथे फार्माकॉलॉजी शिकवते, म्हणजे औषध शरीरात जाऊन नेमकं काय करतं ते. मला राग पटकन येतो आणि हसू त्याहून पटकन. वर्गातली मुलं दोन्हींच्या तयारीत बसलेली असतात. घरीही साधारण तेच चालतं, फक्त घरी समोर सासूबाई असतात आणि त्या कशाच्याच तयारीत नसतात. त्या सरळ उलट बोलतात.

आचमनांची गोष्ट सुरू झाली ती त्यांच्या लघवीच्या त्रासापासून. असं लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, पण ह्याला दुसरी सुरुवात नाही. वयामुळे त्यांचं मूत्राशय उतावीळ झालं होतं. जरा भरलं की लगेच घाई. घरात एक वेळ ठीक आहे, पण पूजा सांगणाऱ्या बाईने मधेच उठायचं कसं? उठलं की पुन्हा हातपाय धुणं, पुन्हा बसणं, तोवर यजमान समईकडे बघत ताटकळलेले. एका लग्नात तर मुहूर्ताला थोडाच वेळ असताना त्यांना पळावं लागलं, आणि नवरा मुलगा हार हातात घेऊन घामाघूम झाला. त्यानंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक गोळी दिली आणि सांगितलं, तोंड कोरडं पडेल, घाबरू नका.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मटार सोलता सोलता त्यांनी मला प्रश्न केला. असा प्रश्न वर्षानुवर्षं माझ्या वर्गातून कोणी विचारलेला नाही.

"गोळी जाते पोटात. पोटातून रक्तात. रक्त फिरतं सगळीकडे. मग तिला कसं कळतं, आपल्याला खाली मूत्राशयात जायचंय? नंबर कोण लावून देतं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "गोळी सगळीकडे जाते."

"मग?"

"आई, असं बघा. मज्जातंतू मूत्राशयाला निरोप देतात, आवळून घे. तो निरोप एक रसायन घेऊन जातं, ॲसिटिलकोलिन. ते जिथे जाऊन बसतं त्या जागेला म्हणायचं मस्करिनिक रिसेप्टर. गोळी काय करते, आधीच जाऊन त्या जागेवर बसते. निरोप आला तरी त्याला टेकायला जागा नाही."

"म्हणजे लाइन एंगेज," सासूबाई म्हणाल्या.

मी सोलायची थांबले. इतकी वर्षं फळ्यावर कुलुपं आणि किल्ल्या काढत होते, आणि हे आपल्याच घरात पडून होतं. "अगदी तेच. गोळी लाइन एंगेज ठेवते. मूत्राशयाला फोन लागत नाही, म्हणून ते शांत राहतं."

"मग तोंडाने काय घोडं मारलं?"

"तोंडालाही तसाच फोन येतो. लाळ सोड, म्हणून. आणि घोटाळा असा, की शरीरात ह्या फोनची मॉडेलं आहेत पाच. पहिलं जास्त करून मेंदूत, तिथे आठवणीचं कामकाज चालतं. दुसरं हृदयात. तिसरं मूत्राशयात, पण तेच लाळेच्या ग्रंथींत, तेच आतड्यांत आणि तेच डोळ्यांत. चौथं-पाचवंही बहुतेक मेंदूतच."

"मूत्राशयाला आणि जिभेला एकच मॉडेल?" त्यांना हे मुळीच पटलं नाही. "ज्याने कोणी हे एक्स्चेंज बसवलं, त्याने काटकसर जरा जास्तच केली."

"म्हणून तर औषधवाल्यांना युक्त्या कराव्या लागतात. एक म्हणजे, शक्यतो तिसऱ्याच मॉडेलवर बसेल आणि बाकीच्यांना फारसा हात लावणार नाही असं औषध करायचं. दुसरी, औषध नेमकं त्याच जागी टाकायचं. दम्याचं ओढून थेट फुप्फुसात, डोळ्याची बाहुली मोठी करायचं थेंबाने डोळ्यात. आणि तिसरी, मेंदूच्या दारातून आतच शिरू शकणार नाही असं औषध घडवायचं."

"माझी कुठली?"

"तुमची जुन्या चालीची. सगळ्यांकडे थोडी थोडी जाऊन बसते. पण डोस लहान आहे."

"गावभर फिरणारी," असं म्हणून त्यांनी गोळीला नाव ठेवलं, आणि मटाराचं भांडं माझ्याकडे सरकवून टीव्ही लावला.

तर हे सगळं ठाऊक असल्यामुळे लिफ्टमधून बाहेर पडेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की बाईंचं तोंड कोरडं पडतंय. सांगणाऱ्या बाईने पूजेच्या मधेच बाटली तोंडाला लावणं शोभत नाही, म्हणून त्या सरळ "आचमन करा" म्हणतात आणि यजमानांबरोबर आपलीही जीभ ओली करून घेतात. मी घरी जाऊन विचारलं तर त्या जराही ओशाळल्या नाहीत. "देवाचं नाव घेऊनच पिते ना? त्यांनाही पुण्य, मलाही पाणी."

मला हसू आवरेना. पुढे तर गंमतच झाली. आमच्या भागात बातमी पसरली की ह्या बाईंकडे जुनी, अस्सल पद्धत आहे. जास्त आचमनांची पूजा हवी म्हणून मुद्दाम बोलावणी यायला लागली. एका घरी दुसरे गुरुजी आले होते, तेव्हा यजमानीणबाईंनी त्यांना टोकलं म्हणे, "गुरुजी, मधली आचमनं राहिली." ते बिचारे पोथी चाळत बसले.

हे सगळं असं हसतखेळत चाललेलं असताना एका रविवारी सासूबाई नाश्त्याच्या वेळी म्हणाल्या, "नातीच्या लग्नाला दुसरे गुरुजी बघा."

आमच्या लेकीचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा मालेगावचा, लग्न इथेच, शहराबाहेरच्या एका लॉन्सवर. आणि लेक पाळण्यात असल्यापासून एक गोष्ट आमच्या घरात गृहीत होती, ती म्हणजे तिचं लग्न आजी लावणार. दर लग्नात सासूबाई स्वतः रचलेलं एक मंगलाष्टक म्हणतात, त्या त्या मुलीसाठी नवं. नातीचं तर त्यांनी केव्हाच रचून ठेवलं होतं आणि कोणाला ऐकू देत नव्हत्या. त्यामुळे पोह्यांचा घास लेकीच्या हातातच राहिला.

"का? आजी, का?"

"विसरायला होतंय मला," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत, पण नजर ताटात. "मागच्या सत्यनारायणात एक अध्याय दोनदा सांगितला. लोकांना कळलं नाही, लोकांचं लक्ष शिऱ्याकडे असतं. मला कळलं. त्याच्या आधी एका मुंजीत मुलाचं गोत्रच गेलं डोक्यातून. आचमन करायला लावून वेळ काढला. आता भर लग्नात, एवढ्या माणसांत, माझ्याच नातीच्या अंगावर अक्षता पडताना माझी बोबडी वळायला नको."

नवरा म्हणाला, आपण डॉक्टरांना दाखवू. त्यावर त्या उसळल्याच. "नाही दाखवायचं. डॉक्टरने एकदा त्याला नाव दिलं की ते चिकटतं."

ह्यामागे काय होतं ते आम्हाला माहीत होतं. त्यांच्या आईची शेवटची वर्षं तशीच गेली होती. पोटच्या मुलीला, म्हणजे सासूबाईंना, त्या माउली "तुम्ही कोणाकडच्या?" असं विचारायच्या. सासूबाई त्यावर खोटंच, दर वेळी नवं काहीतरी सांगून त्यांना हसवायच्या आणि मोरीत जाऊन रडायच्या. आता आपलीही पाळी आली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. भीतीही वाटली. आमचं पटतं कमी, भांडण जास्त, पण भांडायला त्याच हव्यात.

माझा संशय अर्थात गोळीवर होता. जुन्या चालीची गोळी मेंदूत शिरते, तिथलं पहिलं मॉडेल एंगेज ठेवते, आणि आठवणीचे फोन लागेनासे होतात. पण एवढ्या लहान डोसावर सगळं खापर फोडणं माझं मलाच पटेना. शिवाय गोळी त्या रोज घेत होत्या, आणि एरवी संध्याकाळी रमीत मला आणि लेकीला धूळ चारत होत्या. कोणी कुठलं पान टाकलं, कोणी काय उचललं, सगळं त्यांच्या लक्षात. नातीची तर त्या मुद्दाम फिरकी घ्यायच्या, "बदामची राणी तुझ्याकडेच आहे, लपवू नकोस." ज्या बाईला बदामची राणी आठवते तिला यजमानाचं गोत्र का आठवू नये?

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांची पेठ तालुक्यात एक वास्तुशांत होती. एक्स्चेंजमधल्या त्यांच्या जुन्या लाइनमनने गावी नवं घर बांधलं होतं. "एवढी एक कबूल केलेली आहे, ती करते आणि थांबते," त्या म्हणाल्या. मी सुट्टी टाकली आणि गाडी घेऊन त्यांच्याबरोबर गेले. निघताना त्यांनी बटव्यातून काहीतरी काढून पाण्याबरोबर घेतलं. रोजची गोळी असेल, असं समजून मी गाडी सुरू केली. एरवी घाटात त्या वळणावळणावर मला गाडी चालवायला शिकवतात, त्या दिवशी डोळे मिटून बसल्या होत्या.

मी त्यांच्या पूजेला सहसा बसत नाही, कॉलेज असतं. त्या दिवशी समोरच बसले. आणि बघते तर काय! बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटून टक टक वाजत होती. पंचांग हात लांब करून धरलं होतं, मग जवळ आणलं, मग चष्मा पुसला, तरी अक्षर लागेना. सकाळी यजमानीणबाईंनी आग्रह केला तेव्हा "पोट साफ नाही" म्हणून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, तेही आठवलं. मग दिशांच्या देवतांची पूजा आली. पूर्व झाली, आग्नेय झाली, दक्षिण झाली आणि नैऋत्येला गाडी अडली. ह्या बाईंना नैऋत्य आठवेना! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मी ओठांनीच "नैऋत्य" म्हटलं. त्या म्हणाल्या, "आचमन करा."

यजमानांनी निमूट तळहात पुढे केला. आणि मला एकदम लख्ख दिसलं. कोरडं तोंड, अंधुक डोळे, सुस्त आतडी, अडखळणारी आठवण. दर वर्षी मी फळ्यावर माणसाची आकृती काढून एकेका अवयवाला बाण मारते, तो माझा अख्खा फळाच समोर पाटावर बसला होता. रोजच्या एका लहान गोळीचं हे काम नव्हतं. आणखी काहीतरी पोटात गेलं होतं.

होमाच्या धुरातून पूजा कशीबशी पार पडली. लाइनमनकाका मात्र खूश होते. आम्हाला गाडीपर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "बाई, पूजा लय भारी झाली. पन पानी लय पाजलं तुम्ही! आमच्याकडं एवढं कोनी पाजत नाय."

परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर मी एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. "आई, सकाळी काय काय घेतलंत?"

"गोळी."

"कुठली? बटवा दाखवा."

बटव्यात हळदीकुंकवाच्या डब्या होत्या, सुपाऱ्या होत्या, जानव्याचा जोड होता, आणि चांदीच्या एका छोट्या डबीत गोळ्या होत्या. तीन प्रकारच्या. मी एकेक ओळखली. एक मूत्राशयाची. एक सर्दीची, जुन्या पिढीतली, घेतली की डोळ्यांवर झापड आणणारी. एक प्रवासात मळमळू नये म्हणून घ्यायची.

"ही सर्दीची कशाला?"

"होमाच्या धुराने शिंका येतात. मंत्रात शिंक आली तर बरं दिसतं का? औषधाच्या दुकानातून आणली."

"आणि ही प्रवासाची? पूजा तर बहुतेक नाशकातच असतात तुमच्या."

"शहरातले खड्डे तू बघितले नाहीस वाटतं? रिक्षातून उतरले की पोटात ढवळतं. आणि मूत्राशयाची पूजेच्या दिवशी मी दोन घेते, उगाच उठायला नको." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि मला समजावून सांगितलं, "पूजेआधी गणपतीची सुपारी मांडतो ना, तशा निघायच्या आधी ह्या गोळ्या घ्यायच्या. पूजेत विघ्न नको ना."

मला इतकं हसू आलं की टपरीवाला बघायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते काही नुसतं हसण्याचं नव्हतं. सासूबाई रागावल्या. "दात काय काढतेस?"

"आई, ह्या तिन्ही वेगवेगळ्या आजारांच्या आहेत ना? पण तिघी एकाच लाइनीवर जाऊन बसतात. शिंकेची गोळी शिंका थांबवते, पण जाता जाता तेच मस्करिनिक फोन एंगेज करते. मळमळीचीही तेच करते. वर मूत्राशयाची डबल. पूजेच्या दिवशी तुमचं अख्खं एक्स्चेंज बंद पडतं, मेंदूतलं सुद्धा. दुसऱ्या दिवशी गोळ्यांचा अंमल उतरतो आणि तुम्ही मला रमीत हरवता."

त्यांनी डबीतल्या गोळ्या बोटाने मोजल्या.

"म्हातारपणाचं विसरणं असतं ना, ते मुहूर्त बघून येत नाही. तुमचं बरोबर पूजेच्या दिवशीच येतं."

पेला खाली ठेवून त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "म्हणजे आईचं माझ्यात आलेलं नाही?"

"मी शिकवणारी आहे, तपासणारी नाही," मी म्हटलं. "पण माझं मन सांगतंय, नाही. चला डॉक्टरांकडे."

ह्या वेळी त्या आल्या. डॉक्टरांनी डबी पाहिली, कपाळाला हात लावला आणि हसले. सर्दीची आणि प्रवासाची बंद केली. धुराच्या शिंकांसाठी नाकात मारायचा फवारा दिला, म्हणजे काम नाकातल्या नाकात उरकेल. मूत्राशयाची गोळी बदलून तिसऱ्या मॉडेलवरच मुख्यतः बसणारी, मेंदूला फारसा हात न लावणारी दिली, आणि दिवसाला एकच, पूजा असो वा नसो, असं बजावलं. मूत्राशयाला धीर धरायला शिकवायचे काही व्यायामही सांगितले. मग खबरदारी म्हणून स्मरणशक्तीचे प्रश्न विचारले. तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत म्हणायला लावले. सासूबाईंनी तिन्ही सांगितले आणि वर विचारलं, "तुमच्या वडिलांच्या दवाखान्याचा जुना नंबर सांगू?" सांगितलाही. डॉक्टरांना स्वतःला तो आठवत नव्हता.

एक खोच मात्र राहिली. लाळेच्या ग्रंथींतही तिसरंच मॉडेल, त्यामुळे नव्या गोळीनेही तोंड थोडं कोरडं पडायचंच. सासूबाईंनी ते मोठ्या मनाने मान्य केलं. "एवढं चालेल. शब्द आठवत असला तर कोरड्या तोंडाने म्हणता येतो. ओल्या तोंडाने विसरलेला म्हणता येत नाही."

पुढचा सत्यनारायण आमच्याच सोसायटीत होता, त्याच लिफ्टमधल्या काकूंकडे. मी मुद्दाम जाऊन बसले. पाचही अध्याय एकेकदाच झाले, गोत्र, नावं, संकल्प सगळं घडाघडा. आचमन सुरुवातीला झालं ते झालं. पूजा संपल्यावर काकू हिरमुसून माझ्याजवळ आल्या. "आज आचमनं फारच कमी झाली. सासूबाईंची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "आता बरी झाली." त्यांचं समाधान झालं नाही. शेवटी सासूबाईंनी लोकांच्या आग्रहाखातर मधे एक जास्तीचं आचमन कायमचं ठेवून दिलं. "गिऱ्हाइकाची आवड," त्या म्हणाल्या.

आणि दुसरे गुरुजी बघायचा विषय पुन्हा निघाला नाही. लेकीने एकदा भीत भीत विचारलं, "आजी, मग माझ्या लग्नाचं?" त्यावर उत्तर आलं, "मंगलाष्टक रचून बसलेय ते काय दुसऱ्याला देऊ?"

लग्नाच्या दिवशी सकाळी मी गुपचूप लक्ष ठेवून होते. त्यांनी नवी गोळी घेतली, एकच. बटव्यात हळदीकुंकू आणि सुपाऱ्या, बाकी काही नाही, हे मी आदल्या दिवशीच बघून ठेवलं होतं. त्यांना ते कळलं होतं आणि त्यांनी कळल्याचं दाखवलं नाही. सासू-सून म्हणून एवढी सभ्यता आमच्यात आहे.

लॉन्सवर मालेगावची मंडळी एका बाजूला, आमची सोसायटी दुसऱ्या बाजूला. बाई लग्न लावतेय म्हणून मालेगावकडची माणसं जरा कुतूहलाने पुढे सरकलेली. अंतरपाट धरला गेला. सासूबाईंनी माइक हातात घेतला, ऑपरेटरच्या सवयीने ओठांपासून नेमका तेवढाच लांब. आवाज असा लागला की स्वयंपाकाच्या मांडवातले आचारीही येऊन उभे राहिले. नेहमीची मंगलाष्टकं झाली. मग स्वतःचं सुरू झालं. त्यात नातीचं रांगणं होतं, तिचा पहिला दात होता, गोदेच्या पाण्यात पाय बुडवून हट्टाने बसलेली ती होती. शेवटचं कडवं आलं. पहिली ओळ झाली.

आणि त्या थांबल्या.

माइकमधून जीभ टाळूला लागल्याचा टक असा आवाज साऱ्या लॉन्सवर ऐकू आला. मी मनातल्या मनात सगळं पुन्हा तपासलं, गोळी एक, सर्दीची नाही, प्रवासाची नाही. मग काय? नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात माझं लक्ष आमच्या सोसायटीकडे गेलं. काकू आणि त्यांच्या शेजारची सगळी रांग, अक्षता डाव्या हातात घेऊन, उजवा तळहात पुढे करून शांतपणे उभी होती. बाई थांबल्या म्हणजे आता आचमन, एवढं त्यांना पक्कं शिकवलेलं होतं.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या खुदकन हसल्या, माइकमध्येच. अंतरपाटाच्या आडून लेकीनेही पंचपात्रातली पळी उचलली आणि पाणी पुढे केलं. सासूबाईंनी ते पाणी तळहातावर घेतलं, प्यायल्या, आणि उरलेलं कडवं एका दमात, एक अक्षर इकडचं तिकडे न होता म्हणून टाकलं. अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली, अक्षतांचा पाऊस पडला. मालेगावच्या एक आजीबाई माझ्या शेजारी डोळे पुसत अहिराणीत म्हणाल्या, "लई गोड आवाज शे वो ह्या माउलीना."

गर्दी हारतुऱ्यांकडे वळली तशी मी सासूबाईंना गाठलं. त्या पाटावर बसल्या होत्या, पदराने चष्मा पुसत.

"आई, काय झालं होतं? विसरलात?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. डोळे भरलेले होते, पण चेहरा हसरा. "सगळं एकदम आठवलं, म्हणून थांबले." आणि मग नेहमीच्या आवाजात, "उभी काय राहिलीस? पाणी आण, घसा खरंच कोरडा पडलाय."